मुरगळलेला पाय

एडिसन, न्यू जर्सी
८ जून १९८६

ती. वन्संना मृणालिनीचा नमस्कार.

तुम्ही तिकडे माझ्या येण्याची वाट पाहत असाल आणि मी न येण्याचं कळवायला बसले आहे. इथे कपडे धुवायचं यंत्र तळघरात असतं. परवा कपड्यांची टोपली घेऊन वर येताना पायरी चुकली आणि उजवा पाय घोट्यात मुरगळला. गिरीशच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, नागपूरकडचे. ते म्हणाले, काकू, हाडाला बारीक चीर आहे, विमानात इतके तास पाय लोंबता ठेवायचा नाही. तेव्हा वीस जूनचं तिकीट रद्द केलं, आता बावीसला पोचणं होत नाही. त्यानंतरची जागा मिळाली ती एकदम ऑगस्टअखेरची.

तुमच्या अंगावर सगळं टाकून मी इथे लेकाच्या घरी पाय पसरून बसले, याचं मला फार वाईट वाटतं. सांगलीचं घर बंद करून भावासाठी मिरजेला येऊन राहिलात, तेही दोन महिने म्हणून. ह्यांना कुशीवर वळवताना आधी उजवा हात पोटावर घ्यायचा, नाहीतर तो अंगाखाली अडकतो. पेज पातळ लागते, पण पाण्यासारखी केली तर डाव्या हातानं वाटी दूर सारतात. ह्यांना आंघोळ घालायला येणाऱ्या विष्णूला सकाळी आधी चहा द्यायचा, म्हणजे तो घाई करत नाही. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ट्रंककॉल करू नका. मिरजेहून फोन म्हटला की गिरीशच्या छातीत धडकी भरते. त्याला पत्र लिहिलंत तर माझ्या पायाचा विषयही काढू नका, तो आधीच स्वतःला दोष देतो आहे. चार जुलैच्या सुट्टीत ही मंडळी फ्लोरिडाला जाणार आहेत. मला एकटीला मागे कशी ठेवणार, म्हणून गाठोड्यासारखं गाडीत घालून नेणार आहेत. मी आपली गाडीतच बसेन.

ह्यांना सांभाळा. रागावू नका.

तुमची
मृणालिनी


मिरज
२८ जून १९८६

सौ. वहिनींना शरयूचा नमस्कार.

पत्र वेळेत मिळालं. पायाला आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावा. तिकडे मिळत नसेल तर नुसती हळद गरम करून लावा. घोट्याचं दुखणं हयगय केली की जन्माची सोबत करतं.

इकडची काळजी नको. दादा ठीक आहे. विष्णूला मी आता रात्रीही झोपायला बोलावते, उगीच आपली सोबत म्हणून. तुमच्या पायाचं मी दादाला सांगितलेलं नाही. अर्धांग झालेल्या माणसाला इथून काय करता येणार, फुकट जिवाला घोर. येणार येणार, एवढंच म्हणत असते. तुम्ही निघण्याआधी त्याला बावीस तारीख सांगून गेला होतात, ती मात्र त्याच्या डोक्यात पक्की बसली आहे. दारात रिक्षा थांबली की मान वळवतो.

मी चाळीस वर्षं शाळेत पोरी सांभाळल्या, मला एक माणूस जड नाही. पण पेज वाटी दूर न सारता खाईल अशी मला अजून जमलेली नाही, हे कबूल करते.

फ्लोरिडात गाडीत बसून राहू नका. गाडी तापते. सावलीत बसा.

तुमची
शरयू


एडिसन
१२ जुलै १९८६

ती. वन्संना मृणालिनीचा नमस्कार.

कालच फ्लोरिडाहून आलो आणि तुमचं पत्र दारात वाट पाहत होतं. रिक्षा थांबली की ह्यांची मान वळते, हे वाचलं आणि जेवण गेलं नाही. तुम्ही ते मला टोचायला लिहिलं नसणार हे मला कळतं. तरी टोचलं.

प्रवास बरा झाला. दोन दिवस गाडीत. तिथे रानाच्या पोटात एक नदी आहे, तिचं नाव लिहायला घेतलं तर हा कागद पुरायचा नाही. जमिनीतून मोठमोठे झरे फुटतात आणि त्यांचीच नदी होते. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू हाताला लागेल असं वाटतं आणि असते ती दोन पुरुष खोल. लोक ट्रकच्या चाकातल्या रबरी ट्यूब घेतात, त्यात बसतात आणि प्रवाहाबरोबर खाली जातात. वल्हं नाही, काही नाही. दोन-तीन तासांनी खालच्या धक्क्यावर उतरायचं.

मी ओटीचं सामान नेलं होतं. नवी नदी पाहायची तर तिची ओटी नको का भरायला? नारळ, तांदूळ आणि एक खण. फाटकावर खाकी कपड्यांतला रखवालदार प्रत्येकाची पिशवी बघत होता. नदीत खायचं काही न्यायचं नाही, असा तिथला नियम. नारळ हातात घेऊन तो बराच वेळ उलटापालटा करत राहिला. आपली सूनबाई, कांचन, त्याला म्हणाली, ‘इट्स लाइक अ बेबी शॉवर. फॉर द रिव्हर.’ म्हणजे नदीचं डोहाळजेवण. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘व्हेन इज शी ड्यू?’ नदीचे दिवस कधी भरतात, असं विचारत होता. कांचनला हसू आवरेना. मी तिला म्हटलं, अगं, ओटी काय फक्त गरोदर बाईचीच भरतात? हे त्याला सांग. ती म्हणाली, ‘आई, लाइन केवढी लागलीय मागे, आता एक्स्प्लेन करत नाही बसणार मी.’ शेवटी नारळ गाडीत ठेवला आणि काठावर ओंजळ बुडवून नुसता नमस्कार केला.

मी आपली काठावरच बसले होते, पाय पाण्यात सोडून. पाणी बर्फासारखं, घोट्याला बरं वाटलं. मधे एका वळणावर प्रवाह एकदम ओढतो, मग झाडांखाली इतका मंद होतो की आपण थांबलो की काय असं वाटतं. वर फांद्यांवरून करडं शेवाळं लोंबतं, ते कपाळाला लागून जातं. असं कांचन सांगत होती.

ह्यांच्या पायांना तेल लावता ना? मी लवकर यायला हवं होतं. फार चूक झाली.

तुमची
मृणालिनी


मिरज
२७ जुलै १९८६

सौ. वहिनींना.

तुमचं पत्र आलं, आणि दोन दिवसांनी गिरीशचं जाड पाकीट. त्यात फोटो आहेत. त्यानं लिहिलंय, ‘आत्या, तू आईला राहा म्हणून आग्रह केलास, त्याबद्दल किती थँक्स म्हणू? बाबांना फोटो दाखव, त्यांना मजा वाटेल.’

मी आग्रह केला होता हे मला त्याच्याकडून कळलं.

पायाला उतार पडलेला दिसतो. फोटोत तुम्ही ट्यूबमध्ये आडव्या आहात, दोन्ही पाय पाण्याबाहेर, अंगठे आकाशाकडे. अंगात गिरीशचा शर्ट आणि खाली विजार. उजवा घोटा डाव्याइतकाच सडपातळ आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तुमचं तोंड इतकं उघडं आहे की अक्कलदाढेची चांदीसुद्धा दिसते. काठावर बसलेल्या बाईचा फोटो मात्र पाकिटात कुठे सापडला नाही.

आता मीही तुम्हाला एक सांगते. सांगणार नव्हते. पंचवीस जूनला दादा पडला. पलंगावरून उठायला गेला आणि जमिनीवर आपटला. कंबर वाचली. डावं मनगट मोडलं. डावं, वहिनी. देवानं जो एक हात ठेवला होता तो. महिना झाला, प्लास्टरमध्ये आहे. वाटी दूर सारायची म्हटली तरी त्याला ती सारता येत नाही. पेज पातळ असली तरी गिळतो आणि माझ्याकडे बघतो.

तुम्ही बावीसला येणार होतात. तुम्ही इथे असतात तर तो पंचवीसला पडला नसता. मला याहून वेगळं काही म्हणता येत नाही आणि गोड करून लिहायची मला सवय नाही.

शरयू


एडिसन
८ ऑगस्ट १९८६

ती. वन्सं,

पत्र कालच मिळालं. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. पाय मुरगळला नव्हता. तळघराची पायरीसुद्धा मी चुकले नव्हते. गिरीशला मी सांगितलं की वन्संनी राहायचा आग्रह केला आहे, आणि तुम्हाला पायाचं लिहिलं. दोघांना दोन खोटी सांगितली आणि वर फोन करू नका म्हणूनही लिहिलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी हे शिकले.

काल गिरीशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘आई, तुला राहायचं होतं तर सरळ म्हणायचंस ना. कोणी नाही म्हटलं असतं?’ मी त्याला काय सांगू? कोणी नाही म्हटलं नसतं म्हणून तर म्हणता येत नव्हतं. आजारी नवऱ्याकडे परत जावंसं वाटत नाही, हे बाईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पाय मोडला म्हटलं की कोणी काही विचारत नाही.

जूनमध्ये तारीख जवळ यायला लागली तशी सकाळी जाग आली की मी उरलेले दिवस मोजायची. चार वर्षांत मी सलग झोपले नव्हते, ती इथे येऊन झोपायला लागले. पहिले आठ दिवस रात्री उठून शेजारी हात लावून बघत होते, मग तेही थांबलं. कांचननं फ्लोरिडाचं काढलं तेव्हा मनात आलं, एवढं एक पाहून जाऊ. त्या एवढ्याशासाठी ह्यांचा हात गेला.

त्या नदीचंही खरंच सांगते, आता लपवून काय उरलंय? कांचननं स्वतःची विजार दिली, मी मंगळसूत्र शर्टाच्या आत पिनेनं अडकवलं आणि ट्यूबमध्ये बसले. गिरीशनं मागून ढकललं. वन्सं, पाणी मला नेत होतं. कुणाला उचलायचं नव्हतं, कुणाला वळवायचं नव्हतं, कुणाची हाक येते का म्हणून कान लावायचे नव्हते. खाली पाहिलं तर तळाचं गवत विंचरून ठेवल्यासारखं एका बाजूला झुकलेलं, त्यातून एक कासव निवांत चाललेलं. सीमा मागून ओरडली, ‘आजी, वॉच आउट,’ आणि तिची ट्यूब माझ्यावर आपटली. मी गरकन फिरले. ‘अगं बाई’ म्हणून किंचाळले आणि मग जे हसू आलं ते थांबेचना. तोच तो फोटो.

धक्क्यावर गिरीशनं हात दिला तेव्हा मला ह्यांची आठवण झाली. तोवर एकदाही झाली नव्हती. मी तिथेच ओल्या कपड्यांनी उभी राहिले आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि तरीही गिरीशनं विचारलं, ‘आई, उद्या परत यायचं?’ तेव्हा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हे फोटोत नाही, म्हणून लिहून ठेवते. म्हणजे तुम्हाला काही कमी कळलं असं होणार नाही.

लगेच निघायचं गिरीशला सांगितलं. त्यानं पुष्कळ खटपट केली, पण एकदा बदललेलं तिकीट पुन्हा बदलता येत नाही म्हणतात. एकतीस तारखेलाच निघते. तोवर रोज त्या हाताचं मनात येतं. आल्यावर मी पुन्हा कुठे जाणार नाही. सांगलीलासुद्धा नाही.

ह्यांनी फोटो पाहिला का? काय म्हणाले? जे म्हणाले असतील ते लिहा. मला ऐकायलाच हवं.

मृणालिनी


मिरज
२० ऑगस्ट १९८६

सौ. वहिनींना शरयूचा नमस्कार.

हे पत्र तुम्ही निघण्याआधी पोचावं म्हणून विष्णूच्या हाती थेट मोठ्या पोस्टात पाठवते आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मागच्या पत्रात लिहायचं त्यातलं अर्धं मी खाल्लं होतं. शाळेत मी पोरींना सांगत असे की अर्धं खरं सांगणारी मुलगी खोटं सांगणाऱ्या मुलीपेक्षा लबाड. आता माझंच ऐका.

पंचवीस जूनला दुपारी मी घरात नव्हते. रेखाताई आठवते ना, माझ्याबरोबर शाळेत होती? ती म्हणाली, किती दिवस कोंडून घेशील, चल, मॅटिनीला जाऊ. दादाला जेवायला घातलं, तो झोपला. विष्णूला म्हटलं, तूही जा घरी, संध्याकाळी ये. विनोदी सिनेमा होता. दादा पडला तेव्हा मीही तोंड उघडं टाकून हसत होते, वहिनी. माझा कोणी फोटो काढला नाही, एवढंच.

तो का उठला, तेही सांगते. रिक्षा थांबली होती. समोरच्या बिऱ्हाडात कोणी पाहुणे आले होते. त्याला वाटलं, तुम्ही आलात. तीन दिवस तो वाटच पाहत होता, कारण तुम्ही येणार नाही हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. जिवाला घोर नको म्हणून. तुम्ही मला खोटं लिहिलंत, पण मी ते पत्र त्याला वाचून दाखवलं असतं तर तो उठला नसता. मी परत येऊन पाहिलं तेव्हा तो जमिनीवर होता आणि दाराकडेच पाहत होता. हे मी दोन महिने कोणाला सांगितलं नाही. तुमच्यावर ढकलून थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

आता फोटोचं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

नातीचे फोटो असतील म्हणून पाकीट मी त्याच्यासमोरच फोडलं. तुमचा फोटो वरच होता. त्यानं पाहिला आणि मला विचारलं, ‘ही कोण?’

मी घाबरले. वाटलं, याचं डोकंही गेलं आता. म्हटलं, अरे, वहिनी. तुझी बायको. तर म्हणाला, ‘नाही.’ मग मी फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरून उभी राहिले. हात भरून आला तरी तो ‘अजून’ म्हणत होता. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शब्द जुळवायला त्याला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. ‘अशी हसते?’ म्हणाला.

छत्तीस वर्षं तुम्ही आमच्या घरात आहात. तुम्हाला पदर तोंडावर धरून हसताना मी पाहिलं आहे. घरात मोठ्यानं हसलेलं दादाला खपायचं नाही. भिंतीपलीकडे ऐकू जातं म्हणायचा. फोटो पाहिल्यापासून तो गप्प आहे. फोटो उशाशी ठेवायला लावला आहे, पण विष्णू आला की पालथा करायला मानेनं खुणावतो.

तुम्ही आलात की मी आठ दिवस राहीन आणि सांगलीला जाईन. तुम्हाला नको असेन तर दुसऱ्या दिवशी जाईन. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघेल. डॉक्टर म्हणतात, बोटं पहिल्यासारखी वळतील असं सांगता येत नाही.

शरयू


मिरज
१४ सप्टेंबर १९८६

ती. वन्संना मृणालिनीचा नमस्कार.

तुम्ही गेल्यावर घर मोठं झालं. आठ दिवस आपण दोघी त्या पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून चादर बदलत होतो आणि दोघींनाही एकमेकींकडे पाहायचं धैर्य नव्हतं. म्हणून आता लिहिते. सांगलीचं पोस्ट एका दिवसात पोचतं, हे एक बरं आहे. तुमच्यावर माझा राग नाही. मॅटिनीला पुन्हा जा.

हात तसाच आहे. बोटं अर्धी मिटतात, चमचा धरला की निसटतो. मी भरवते. तुम्ही होतात तोवर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, हे तुम्ही पाहिलंतच. मला वाटलं, ही माझी शिक्षा, आणि योग्यच आहे.

काल दुपारी भात भरवत होते. त्यांनी मान वळवून उशीकडे पाहिलं. मी फोटो काढून समोर धरला. ते म्हणाले, ‘पाणी?’ मला वाटलं तहान लागली, तर मान हलवली. ‘गार?’ म्हणाले. मी म्हटलं, हो, फार गार. मग थांबून माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी सांगत गेले. झरे सांगितले, कासव सांगितलं, सीमाची ट्यूब आपटली ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेही सांगितलं. नदीत असताना ह्यांची आठवण झाली नाही, हेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडून म्हणाले, ‘पुन्हा जाशील?’

मी लगेच म्हटलं, नाही हो, कुठली जाते आता. तुम्हाला टाकून कुठेही जाणार नाही.

‘खोटं,’ म्हणाले.

वन्सं, चार वर्षांत त्यांच्या तोंडून इतका स्पष्ट शब्द आला नव्हता. रागानं म्हणाले की कसे, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्याकडे बघत होते आणि वाट पाहत होते. घास माझ्या हातात तसाच होता. मी म्हटलं, हो. जावंसं वाटतं.

मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी घास भरवला.

मृणालिनी